रिलीव्हर येईपर्यंत

तुम्ही काय काम करता, असं कोणी विचारलं की मी सांगते, म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारते. ऐकणारा आधी हसतो, मग हळूच विचारतो, त्याचा पगार मिळतो का? मिळतो. फार नाही, पण त्यावर माझं घर चाललं आणि मुलगी शिकली. भिलाईत काम म्हणजे एकतर कारखाना, नाहीतर रेल्वे. माझे वडील कारखान्यात होते, दोन्ही मामा रेल्वेत. मी मात्र सगळा जन्म दुपारच्या वेळी लोकांच्या व्हरांड्यात बसून काढला. वर पंखा सावकाश फिरत असायचा, पडद्यातून पिवळं ऊन आत यायचं, आणि समोरचं माणूस माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधत शोधत कुठेतरी लांब निघून जायचं. ते परत येईपर्यंत गप्प बसायचं, हे माझं अर्धं काम.

उरलेलं अर्धं सांगते. एका संशोधन संस्थेचा हा अभ्यास. आपल्यासारख्या देशात माणसं म्हातारी कशी होतात, कोणाच्या आधारानं जगतात, सुखात असतात की नाही, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी एकदा विचारून भागत नाही. त्याच माणसांकडे दोनतीन वर्षांनी पुन्हा जावं लागतं, तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. मोठे डॉक्टर लोक वर बसून त्या उत्तरांतून अर्थ काढतात. आम्ही फील्डवाले. हुडको, स्मृति नगर आणि तिकडे चुनखडीच्या खाणीकडचं नंदिनी नगर हा माझा भाग होता.

माझ्या पिशवीत हाताची पकड मोजायचं यंत्र असायचं. मूठ आवळली की आकडा दिसतो. ते बाहेर काढलं की कारखान्यातून रिटायर झालेली माणसं एकदम तरुण व्हायची. शेजारच्याचा आकडा किती आला, हे आधी विचारायची आणि मग दात ओठ खाऊन दाबायची. दुसरी परीक्षा दहा शब्दांची. मी दहा साधे शब्द वाचून दाखवायचे, मध्ये दुसरं काहीबाही विचारायचं, आणि मग म्हणायचं, मघाचे शब्द सांगा. या परीक्षेला मोठेमोठे घाबरायचे. स्मृति नगरातल्या एका रिटायर साहेबांनी सगळे शब्द धडाधड सांगितले, तेव्हा मी मनात वाहवा केली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, त्यांना तळहात दाखवा जरा." साहेबांनी शब्द पेनानं हातावर लिहून घेतले होते. मला हसू आवरेना. साहेबही हसले, पण गेटपर्यंत पोचवायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "खरं सांगू का, आठवत नाही हो मला हल्ली." त्या दिवशी मला पुढच्या घरी जावंसं वाटलं नाही.

प्रश्न कुठल्यातरी दूरच्या देशात तयार झालेले असत आणि फिरत फिरत आमच्यापर्यंत येत. तुम्ही कधी एकटे हॉटेलात जेवता का, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारला. तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं माणसं माझ्याकडे पाहत. एक शिडीचा प्रश्न होता. चित्रात दहा पायऱ्यांची शिडी, सगळ्यात वरच्या पायरीवर सगळ्यात सुखाचं आयुष्य. तुम्ही कुठे आहात, बोट ठेवा. नंदिनी नगरातल्या एका आजीनं चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "बाई, माहे गुडघे पाहून राहिली ना तू? मंग मले शिडी कावून दाखवतं?" मी म्हटलं, आजी, चढायचं नाही, नुसतं बोट ठेवायचं. आजीनं शिडीच्या बाजूला, कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. "मी इथं हाये. खाली. इथं सावली हाये." ते उत्तर टॅबलेटमध्ये भरायला जागाच नव्हती. मला अजूनही वाटतं, सगळ्या अभ्यासात तेवढंच एक उत्तर पूर्ण होतं.

आमचे नियम कडक होते. उत्तर सुचवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. कधी दार उघडायचं आणि आत भिंतीवर हार घातलेला फोटो दिसायचा. आमच्या भाषेत त्याला नमुना गळाला म्हणतात. मला हा शब्द कधी आवडला नाही. मी आत जायची, चहा घ्यायची, थोडं बसायची. मग बाहेर येऊन तो शब्द भरायची.

वामनकाका गजभिये माझ्याकडे अगदी पहिल्या फेरीपासून होते. घर हुडकोत, दारात कढीपत्ता. मूळ भंडाऱ्याकडचे. जय भीम करून आत गेलं की शांतामावशी पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आणि काकांची बडबड सुरू व्हायची. पहिल्या फेरीत त्यांनी पकडीचं यंत्र असं दाबलं की ते मोडतंय की काय, अशी मला धाकधूक वाटली. ते कारखान्यात पंपघरावर होते. आता पंपघर म्हणजे काय, हे मलाही त्यांनीच समजावलं.

"भट्टी एवढी तापते ना बाई, का तिच्या अंगाभोवती पाणी सारखं खेळत रायलं पायजे. पाणी थांबलं का भट्टी गेली. म्हणून पंपावरच्या माणसानं रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडाची नाई. दुसऱ्या शिफ्टचा माणूस आला, का त्याले चार्ज द्याचा. कोणता पंप ठीक हाये, कोणता आवाज करून राहिला, कोणाकडं ध्यान ठेवाचं. सारं सांगाचं. मंग घरी."

"आणि रिलीव्हर नाही आला तर?" मी विचारलं.

"तं डबल ड्यूटी. बसून राहाचं."

"माहं पोरगं झालं तवा हे पंपाजवळच बसून होते," मावशी आतून म्हणाल्या. "रिलीव्हर नाई आला म्हणे. पोरगं थांबते का रिलीव्हरसाठी?"

काका खो खो हसले. मावशीही हसल्या, पण त्यांनी तांब्या जरा जोरातच खाली ठेवला. असं ते घर. मला तिथे जायला आवडायचं, आणि प्रश्न संपले तरी मी उगाच रेंगाळायची.

नंतरच्या एका फेरीत मी गेले तेव्हा काका गप्प गप्प वाटले. मी दहा शब्द वाचले. सांगायची वेळ आली तेव्हा ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि त्यांनी एक शब्द सांगितला. थोड्या वेळानं दुसरा. समोर शोकेस होतं, त्यात त्यांच्या मुलाचे, नितीनचे, शाळेतले कप ठेवलेले. त्या काचेत मला दिसलं, माझ्या मागे उभ्या मावशी ओठ हलवून शब्द सुचवत होत्या. सगळे दहाच्या दहा त्यांना पाठ झाले होते.

नियमाप्रमाणे मी त्यांना थोडा वेळ आत जायला सांगितलं. त्या गेल्या. काका लगेच म्हणाले, "ती कोठी गेली?" मी पुढचा शब्द विचारला. "ती येईन ना?" एवढंच त्यांनी परत विचारलं. मी ती परीक्षा तिथेच थांबवली.

निघताना मावशी गेटपर्यंत आल्या. कढीपत्त्याचं एक पान खुडून त्याचे तुकडे करत राहिल्या.

"मंदा, नितीनले सांगशीन तं नाई ना?"

"आम्ही कोणालाच काही सांगत नाही, मावशी."

"तो वाईट नाई. पण त्याचं घर पुण्याले, दोन खोल्यायचं. त्यानं मले म्हटलं होतं, आई, बाबायचं काई झालं ना, तं त्यायले चांगल्या सेंटरमंधी ठेवू, तू माह्याजवळ राय. हे तिकडं, मी इकडं." त्यांनी पानाचे तुकडे खाली टाकले. "एवढ्या वर्षांत आमी येगळे फक्त शिफ्टपुरते झालो बाई. तेवढंच मले पुरे हाये."

सल्ला द्यायचा नाही असा नियम होता, आणि खरं सांगायचं तर द्यायला सल्लाही नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि निघाले.

त्यानंतर कधीतरी, सकाळच्या वेळी, दुसऱ्याच कोणाकडे जात असताना मी हुडकोतल्या बगिच्याजवळून चालले होते. बगिच्याच्या कोपऱ्यात बोअरच्या मोटारीची एक छोटी खोली आहे, बाहेर निळा पाइप. तिच्या सावलीत वामनकाका बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात जाड बूट, बाजूला स्टीलचा डबा. एक हात पाइपवर ठेवलेला. मी हाक मारली. कामात असलेला माणूस करतो तशी त्यांनी मान हलवली आणि पुन्हा मोटारीच्या आवाजाकडे कान लावला.

मावशींनी मग सगळं सांगितलं. काका पहाटे उठून बूट घालून दाराशी उभे राहायला लागले होते. कडी काढायचे, ओरडायचे, उशीर झाला म्हणायचे. एकदा तर चालत कारखान्याच्या गेटपर्यंत गेले आणि तिथल्या शिपायांनी रिक्षात बसवून परत पाठवलं. "त्यायले रोज किती अडवू? रोज भांडण. एक दिवस मी डबा भरला, हातात देला. म्हटलं, जा, ड्यूटीवर जा. बगिच्यात न्हेऊन बसवलं. तवापासून शांत हाये."

"आणि रात्रपाळी?"

मावशींच्या डोळ्यांत जरा मिस्कील चमकलं. "नाईट मी बंद केली. सांगितलं, साहेबाचा ऑर्डर हाये. वय झालं, आता फक्त फर्स्ट शिफ्ट."

बगिच्याचा माळी त्यांच्यावर लक्ष ठेवायचा. समोरचा चहावाला मध्ये एक कप आणून द्यायचा. पण खरा आधार साहूजींचा. साहूजी छत्तीसगढी माणूस, कारखान्यात काकांच्या नंतरच्या शिफ्टला त्यांच्याच पंपावर असायचे, आता दोन गल्ल्या सोडून राहत होते. दोन वाजले की ते छत्री घेऊन यायचे. "चल वामन, तैं जा, मैं आ गे हंव." मग काका उठायचे, पाइपवर हात ठेवून त्यांना चार्ज द्यायचे, डबा उचलायचे आणि घरी जायचे. साहूजी थोडा वेळ तिथे बसून मग आपल्या घरी जायचे.

एकदा मला वेळ होता म्हणून मी काकांजवळ बाकावर बसले. मोटार एकसुरी घुमत होती. कडुनिंबाची बारीक फुलं डब्याच्या झाकणावर पडत होती. दूर चिमण्यांचा धूर आभाळात मिसळून जात होता, आणि ऊन असूनही सगळं पाण्याखालून पाहावं तसं हलतं दिसत होतं. माझे डोळे जड झाले. मला वाटलं, कारखाना अजून काकांच्या चहूबाजूंनी चालू आहे, भट्टी तापलेली आहे, आणि मीच त्यांच्या झोपेत येऊन बसले आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आवाज बरोबर हाये. घाबरू नको." मी खरंच घाबरले नव्हते. इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

माझ्या प्रश्नांत एक होता, ही व्यक्ती दिवसभर काय करते. तिथे मी लिहिलं, कामावर जाते. वरून फोन आला की हे चुकलं असेल, वय पाहा. मी म्हटलं, चुकलं नाही. त्यांनी ते दुरुस्त करून टाकलं असणार.

मग साहूजी गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. काकांना हे कळवायचं नाही, असं मावशींनी ठरवलं. गल्लीतल्या दोघातिघांनी साहूजींच्या ऐवजी जाऊन पाहिलं. काका त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "तुमी पंपावरचे नाई." मावशी स्वतः गेल्या की म्हणायचे, "बायकायनं इथं येऊ नाई. घरी जा, मी येतो." तास तास मिन्नतवारी करावी लागायची. साहू जरा उशिरा येतो म्हणाला, तोपर्यंत जेवून या, असं काहीतरी सांगून त्या त्यांना उठवायच्या.

ज्येष्ठ महिन्याच्या उन्हात एक दिवस मावशींनाच चक्कर आली आणि त्या घरी पडून राहिल्या. काकांना उठवायला कोणी गेलं नाही. माळी सुट्टीवर होता, चहावाल्यानं दुपारी दुकान बंद केलं होतं. सावली सरकली, ऊन अंगावर आलं, पण काका जागचे हलले नाहीत. रिलीव्हर आला नव्हता ना. सूर्य कलल्यावर शेजारच्या मुलींना ते पाइपला टेकून पडलेले दिसले. दवाखान्यात सलाइन लावलं, जीव वाचला. दुसऱ्याच दिवशी नितीन पुण्याहून विमानानं आला आणि आईपुढे उभा राहून रडला. मग म्हणाला, "बस्स आई. आता नाही."

मला त्याचा राग नाही आला. बापाला असं पाहिल्यावर कोणता मुलगा गप्प बसेल? त्यानं पुण्यातलं सेंटर पाहून ठेवलं, तिथे जागा मिळेपर्यंत काही आठवडे लागणार होते. त्या आठवड्यांतही काका रोज बगिच्यात जातच राहिले, आणि मावशी त्यांच्यापासून थोडं लांब, छत्री घेऊन बसू लागल्या. रात्री ते उठतात म्हणून त्याही जाग्या असायच्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्या झोपायच्या कधी, मला माहीत नाही. आमच्या प्रश्नांत सेवा करणाऱ्या माणसासाठीही एक भाग होता. तो विचारायला मी दोनदा गेले आणि दोनदा त्या बोलता बोलता पेंगल्या. मी न विचारताच परत आले.

जायच्या दिवशी नितीननंच मला फोन केला होता. तुमचं काही राहिलं असेल तर आज उरकून घ्या आंटी, मग हा पत्ता राहणार नाही. संध्याकाळी दुर्गहून गाडी होती. मी दुपारी पोचले तेव्हा हॉलमध्ये बॅगा बांधून ठेवलेल्या, शोकेस रिकामं. आत मावशी उघड्या पेटीजवळ जमिनीवरच झोपल्या होत्या, अर्धी घडी केलेली साडी हातात तशीच. पंखासुद्धा लावलेला नव्हता. मी पंखा लावला.

नितीन घामानं भिजून बाहेरून आला. "आंटी, देखो ना, बाबा उठ ही नहीं रहे. सुबह से तीन बार गया मैं. आई उठली की तिलाच पाठवावं लागेल."

"तिला उठवू नकोस," मी म्हटलं. "चल, मी येते."

काका पाइपजवळ बसले होते. शर्टाला इस्त्री, पायात बूट. डबा उघडलेला नव्हता. समोरच्या रस्त्यावर टॅक्सी येऊन उभी राहिली होती, बॅगा न्यायला.

"बाबा, गाडी का टाइम हो रहा है. चला ना."

"रिलीव्हर आला का?"

"कोई नहीं आएगा, बाबा!" नितीनचा आवाज एकदम फाटला. "साहू अंकल नहीं रहे! मर गए वो! समझो ना!"

मी त्याचा हात धरला, पण शब्द निघून गेले होते. मोटार घुमत राहिली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"साहू गेला?" ते म्हणाले. "मंग तं सेकंड शिफ्टले कोणीच नाई. मंग मी कसा उठू, सांग?"

नितीन तिथेच मातीत उकिडवा बसला आणि त्यानं डोकं हातांत धरलं. पुण्यात तो कोणत्यातरी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्या वेळी मला तो दप्तर हरवलेल्या पोरासारखा दिसला. माझे सगळे नियम मला माहीत होते. मी त्याच्या कानाशी वाकले.

"नितीन, तू म्हण. मी आलो रिलीव्ह करायला, असं म्हण."

"मैं? झूठ बोलूं बाबा को?"

"खोटं कशाला? आलास ना तू एवढ्या लांबून?"

तो उठला, तोंड पुसलं, शर्ट नीट केला. आईबापाशी बोलायची घरची भाषा त्याला आता नीट येत नव्हती, पण त्या वेळी ती बरोबर आली.

"बाबा, मी आलो. सेकंड शिफ्टले. तुमी जा."

काकांनी त्याला पायापासून वर पाहायला सुरुवात केली. "चप्पल घालून पंपावर?"

"उद्या बूट घालतो."

काकांची नजर नितीनच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच राहिली. त्यांनी मुलाला ओळखलं की पंपावरच्या कोणा जुन्या माणसाला, ते मी सांगू शकत नाही. पण ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले. नितीनचा तळवा धरून त्यांनी पाइपवर ठेवला.

"हा ठीक हाये. गरम नाई. आवाज एकसारखा." मग त्यांनी घराच्या दिशेला मान केली आणि आवाज खाली आणला. "तिकडं एक बाई हाये. तिची डबल चालू हाये. लय दिवसापासून. तिचा रिलीव्हर आलाच नाई. रात्रीही जागीच रायते, मले दिसते. पण मी जागा सोडून जाऊ शकत नव्हतो ना. तिच्याकडं ध्यान ठेवाचं. आता निजली असन तं उठवाचं नाई."

नितीननं मान हलवली.

"समजलं का? सांग मले. चार्ज देला का परत सांगा लागते."

"तिले उठवाचं नाई," नितीन म्हणाला. "तिच्याकडं ध्यान ठेवाचं. तिचा रिलीव्हर आला नाई, बाबा. समजलं."

"हं. मंग बस."

काकांनी डबा उचलला आणि शिफ्ट सुटल्यावर माणूस चालतो तसे, हलके होऊन, घराकडे निघाले. मी त्यांच्यामागे निघाले. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी वळून पाहिलं तेव्हा नितीननं त्याला जा म्हणून हात केला, आणि तो बापाच्या जागेवर बसला.